विमानघरातून वैमानिकाच्या आसनाकडे

वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म म्हणून नांदलेल्या आमच्या वाशीमला विमानतळ नाही. परंतु विमानांचा इतिहास आम्हांला परका नाही. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि परत फिरत. मुंबईच्या विमानाची वाट वऱ्हाडावरूनच होती.

असे विमान आपण चालवावे, ही इच्छा येथील मुलांच्या मनात आली तर नवल नाही. अशा मुलाला वडीलधारे सांगतात, "आधी विमानतळावर मिळेल ते काम धर, पुढचे पुढे पाहू." हा सल्ला कितपत खरा, हे आपण इतिहासालाच विचारू.

अमेरिकेतील चार्ल्स लिंडबर्ग १९२२ साली विमान शिकायला गेले. विमान मोडल्यास भरपाई म्हणून ठेवायची अनामत त्यांच्यापाशी नव्हती, म्हणून एकट्याने उडण्याची परवानगी मिळाली नाही. मग त्यांनी विमाने दुरुस्त केली, खेळ दाखविणाऱ्या विमानांच्या पंखांवर उभे राहून पोट भरले. पुढे १९२४ मध्ये ते लष्कराच्या वैमानिक शाळेत शिरले आणि १९२६ साली सेंट लुइस ते शिकागो मार्गावर टपालविमान चालवू लागले. म्हणजे दुरुस्तीच्या कामाने त्यांना विमानाजवळ ठेवले. उड्डाणाचे पुरे शिक्षण मात्र लष्कराने दिले.

आमच्याकडे आरंभी ही विद्या धनिकांची होती. १९२९ मध्ये भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळविणारे जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईस टपाल आणली. तिकडे इंग्लंडात कचेरीत काम करणाऱ्या एमी जॉन्सन यांनी १९२९ साली विमान-अभियंत्याचा परवाना मिळविला आणि १९३० मध्ये झाशीवरून ऑस्ट्रेलियापर्यंत एकट्याने उड्डाण केले.

तथापि जमिनीवरील काम ही केवळ एक पायरी आहे, असे समजणे बरोबर नव्हे. ११ एप्रिल १९५५ रोजी बांडुंग परिषदेकडे निघालेल्या 'काश्मीर प्रिन्सेस' विमानात बॉम्ब फुटला. कॅप्टन जटार यांनी जळते विमान समुद्रावर उतरविले आणि प्राण दिले. एकोणीस जणांपैकी तिघेच वाचले. त्यांत सहवैमानिक दीक्षित होते, तसेच देखभाल-अभियंते अनंत कर्णिकही होते. संकटाने आसनांची प्रतवारी पाहिली नाही.

तेव्हा त्या मुलाला काय सांगावे? विमानघरातील काम पगार देते, ओळखी देते, यंत्राचे मर्म शिकविते. परंतु व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला आपल्याकडे दोनशे तासांचे उड्डाण लागते, आणि जमिनीवर घालविलेले वर्ष त्यांत एका तासाचीही भर घालीत नाही. ते तास पैशाने, शिष्यवृत्तीने किंवा सैन्यातील सेवेने मिळवावे लागतात. ही गोष्ट आरंभीच सांगितली नाही, तर मुलाची उमेदीची वर्षे फुकट जातील. आणि सांगूनही तो पाना हाती घेईल, तर त्याला कमी लेखण्याचा अधिकार आम्हां कोणालाच नाही.