दख्खनमधील गांजाचे प्रकार आणि आजचे संकरित वाण : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
कॅनडात तसेच अमेरिकेच्या अनेक राज्यांत गांजाची विक्री आज संकरित वाणांच्या नावाने होते. अननस, आंबा, मलईदार मिष्टान्न अशा स्वादांनी या वाणांचे वर्णन केले जाते आणि त्यांची वंशावळ 'इंडिका' व 'सटायवा' या संज्ञांनी सांगितली जाते. यांपैकी 'इंडिका' हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील झाडावरून दिले. मग दख्खनच्या इतिहासात गांजाच्या 'वाणा'ची कल्पना आढळते काय, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

प्रदेश व साधने :
१८५३ च्या तहान्वये नळदुर्ग जिल्हा वऱ्हाड व रायचूर दुआबासह इंग्रजांकडे गेला आणि १८६० मध्ये निजामाकडे परत आला. पुढे १९०४ मध्ये जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, आले. त्यामुळे मुंबई इलाख्यातील अबकारी दप्तरे या जिल्ह्याविषयी बहुतांशी मौन पाळतात. शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यातील गांजाच्या लागवडीची नोंद मात्र एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी दप्तरांत आहे. सरहद्दीपलीकडचा हा पुरावा धाराशिवास जसाच्या तसा लागू करणे योग्य ठरणार नाही.

दुसरी अडचण शब्दाची आहे. इंग्रजी कागदपत्रांतील 'हेम्प' हा शब्द गांजाच्या झाडास, तागास आणि अंबाडीसही वापरलेला आढळतो. ताग हा 'सन हेम्प', तर अंबाडी ही 'डेक्कन हेम्प'. अंबाडीचे शास्त्रीय नावही 'हिबिस्कस कॅनाबिनस' असेच आहे. जिच्या पानांची भाजी होते आणि जिच्या वाखाचे दोर, दावी, कासरे वळले जातात, त्या अंबाडीचे क्षेत्र गांजाचे म्हणून वाचले, तर गावेच्या गावे नाहक संशयाच्या छायेत येतील.

आयोगाची साक्ष :
मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाने १८९३-९४ मध्ये १,१९३ साक्षी नोंदविल्या व संपूर्ण बंदीची शिफारस केली नाही. त्याच्या अहवालात गांजाचे प्रकार सांगितले आहेत, ते बियाण्यावरून नव्हे, तर मुख्यतः तयार करण्याच्या रीतीवरून. नर झाडे वेळीच उपटली की मादी फुले फलित होत नाहीत व त्यांत राळ वाढते. ती फुले तुडवून दाबली की 'चपटा', वळली की 'गोल', आणि गळालेला चुरा तो 'चूर'. बंगालमधील नौगाव येथे नर झाड ओळखणाऱ्या जाणकारास 'पोद्दार' म्हणत. म्हणजे गुणवत्ता ही प्रामुख्याने हाताच्या कौशल्यावर अवलंबून होती.

आजचे वाण :
आधुनिक संकरित वाणात निवडलेले गुण संकराने एकत्र आणून पुढे कलमांद्वारे टिकविले जातात. वासाचे श्रेय दीर्घकाळ टर्पीन या द्रव्यांना दिले गेले. तथापि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, उष्ण कटिबंधीय फळांसारखा वास अत्यल्प प्रमाणातील गंधकयुक्त संयुगांमुळे येतो. बीजविरहित मादी फुलांची रीत मात्र तीच, पोद्दाराची आहे.

निष्कर्ष :
परंपरा दिसते ती पद्धतीत. वाणांची नावे व स्वादवर्णने अलीकडची आहेत. ती मागे नेऊन दख्खनवर लादणे हा कालविपर्यास होय. गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ नुसार फुलांचे शेंडे म्हणजे गांजा. वैद्यकीय व शास्त्रीय प्रयोजनाचे अपवाद वगळता त्याची लागवड निषिद्ध असून तीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा आहे. ज्या अहवालाने महसुलासाठी पीक मोजले, त्याने बियाण्याची वंशावळ जपली नाही. आणि ज्या कायद्याने पीक थांबविले, त्याच्या चौकटीत ती शोधणे सोपे नाही. म्हणून स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने आधी दप्तरातला शब्द नीट वाचावा. अंबाडी कोणती आणि गांजा कोणता, हे ठरल्यावाचून पुढचा कोणताही निष्कर्ष टिकणार नाही.