आहारज्ञान मोजण्याआधी

कुळगाव-बदलापूरच्या मैदानांवर पहाटे पळणाऱ्या मुलांना, सरावानंतर काय खाता, असे विचारले की उत्तरे भराभर येतात: केळी, उकडलेली अंडी, भिजवलेले हरभरे, कुणाकडून ऐकलेली प्रोटीन पावडर. त्यांना आहाराची समज खरोखर किती आहे, हे मात्र अशा गप्पांतून कळत नाही. त्यासाठी प्रश्नावली लागते आणि ती प्रश्नावली भरवशाची आहे का, हे तपासणारे स्वतंत्र शास्त्र आहे. शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी, आहारतज्ज्ञ, प्रशिक्षक अशा सर्वांचे या शास्त्रात मनापासून स्वागत. गणित थोडेच लागते. बरेचसे काम ऐकण्याचे आहे.

इथे दोन गोष्टी पाहतात. समज तीच असताना पुन्हा विचारले तर गुण तेवढेच पडतात का, ही विश्वसनीयता. जे मोजायचे ठरवले तेच मोजले जाते का, ही सप्रमाणता. पोलीस भरतीसाठी 1600 मीटरचा सराव करणारा मुलगा चार फेऱ्या मारतो. पण मैदानाची फेरी 400 ऐवजी 380 मीटरचीच असेल, तर घड्याळ रोज जवळपास तीच वेळ दाखवील आणि भरतीच्या दिवशी 80 मीटर अंगावर येतील. त्याची वेळ विश्वसनीय होती, सप्रमाण नव्हती.

आता एक प्रश्न जवळून पाहू. ‘साबुदाण्याची खिचडी हा प्रथिनांचा चांगला स्रोत आहे: बरोबर, चूक, माहीत नाही.’ साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच, म्हणून प्रश्न काढणाऱ्याने ‘चूक’ हे उत्तर धरले. पण खिचडीत दाण्याचे कूट असते आणि 100 ग्रॅम शेंगदाण्यांत 24-25 ग्रॅम प्रथिने असतात. हे जाणणारी मुलगी थबकते, ‘बरोबर’वर खूण करते आणि गुण गमावते. साबुदाणा वाईट, एवढेच ऐकलेला मुलगा गुण मिळवून जातो. असे बऱ्याच जणांचे झाले की त्या प्रश्नाची भेदनक्षमता शून्याखाली जाते, म्हणजे एकूण चाचणीत पुढे असणारेच तिथे चुकतात. दुरुस्ती सोपी आहे: खिचडी काढून नुसत्या साबुदाण्याबद्दल विचारावे. आकडेमोडीच्या आधीच पाच-सहा खेळाडूंना समोर बसवून, उत्तर देताना मनात काय आले ते बोलायला लावले असते, तरी हा दोष उघड झाला असता. या पायरीला कुणी फाटा देऊ नये, असे मला ठामपणे वाटते.

बरोबर-चूक प्रश्नांच्या अंतर्गत सुसंगतीसाठी, म्हणजे प्रश्न एकमेकांशी कितपत जुळतात हे पाहण्यासाठी, कुडर आणि रिचर्डसन यांनी 1937 मध्ये सूत्र दिले. त्याच कामाचा क्रॉनबाखचा आल्फा 1951 चा. तो 0.70 च्या वर गेला की अभ्यासक निर्धास्त होतात. मला ही घाई वाटते, कारण एकच गोष्ट तीन तऱ्हांनी विचारली तरी आल्फा वाढतो. मला जास्त पटते ती पार्मेंटर आणि वॉर्डल यांनी 1999 मध्ये ब्रिटनमध्ये वापरलेली कसोटी. त्यांनी एकच प्रश्नावली आहारशास्त्राच्या आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दिली. आहारशास्त्रवाले स्पष्टपणे पुढे गेले नाहीत, तर प्रश्नावलीतच खोट आहे असे समजावे.

क्रीडा-आहाराच्या ज्ञानासाठी न्यूझीलंडमध्ये झिन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये, ऑस्ट्रेलियात ट्रॅकमन आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये तपासून घेतलेल्या प्रश्नावल्या आहेत. त्या जरूर अभ्यासाव्यात, पण मराठीत उतरवून तशाच वाटू नयेत. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसवलेल्या उल्हासनगरात दाल-पकवान आहे; बदलापूर-अंबरनाथच्या आगरी घरांत तांदळाची भाकरी आणि सुकट आहे. ज्या प्रश्नावलीत सुकटीतली प्रथिने नाहीत, ती इथल्या कबड्डीपटूला उगाच अडाणी ठरवील. सरावाच्या किती वेळ आधी जेवावे, हा प्रश्नसुद्धा बदलापूरहून लोकलने दादरला सरावाला जाणाऱ्या मुलीचा दिवस डोळ्यांपुढे ठेवून लिहावा लागतो. म्हणून प्रश्न पारखायला आहारतज्ज्ञाच्या बरोबरीने स्थानिक प्रशिक्षक हवा आणि घरात स्वयंपाक करणारे कुणीतरी हवेच.

हे सगळे जमले तरी हाती येते ते ज्ञानाचे माप. ताटात काय पडते, ते घरची मिळकत आणि चूल ठरवते. कमी गुणांच्या मुलाला संघातून वगळण्यासाठी ही प्रश्नावली कधीही वापरू नये.

क्रीडाशिक्षकांना एक विनंती. कुणी अभ्यासक अशी प्रश्नावली घेऊन मैदानावर आला, तर त्याला दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा वेळ द्या. दुसऱ्याच दिवशी विचारले तर मुलांना आधीची उत्तरे आठवतात आणि फार उशीर केला तर मधल्या काळात ती नवे काही शिकतात. आणि जो प्रश्न मुलांना कळला नाही, तो त्यांना न लाजता सांगू द्या.