दानाची भूमी आणि विश्वस्तांचे उत्तरदायित्व

युवकांच्या संस्थेला दानरूपाने मिळालेली भूमी अडचणीच्या काळी विकावी की राखावी, हा प्रश्न अनेक विश्वस्त मंडळांसमोर उभा ठाकतो. १९१० साली स्थापन झालेल्या ‘बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका’ या बालवीर संघटनेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

तेलाच्या व्यवसायात संपत्ती मिळविलेले वेट फिलिप्स यांचे न्यू मेक्सिको राज्यात सिमारॉन गावानजीक विस्तीर्ण कुरण होते. त्यातील सुमारे ३५,८५७ एकर डोंगराळ भूमी त्यांनी १९३८ साली मुलांच्या शिबिरांसाठी संघटनेस अर्पण केली. मुलांना तिचा लाभ होत असल्याचे पाहून १९४१ साली त्यांनी आणखी ९१,५३८ एकर भूमी व आपला निवासी वाडा दिला. एवढी भूमी सांभाळण्यास नित्य खर्च येणार, हे जाणून टल्सा शहरातील ‘फिलटॉवर’ ही उत्पन्न देणारी बहुमजली इमारतही त्यांनी सोबत दिली. भूमीबरोबर तिच्या योगक्षेमाची तरतूद करणारी ही दूरदृष्टी विरळाच म्हणावी लागेल. ‘फिलमॉन्ट’ या नावाने ही भूमी बालवीरांची जणू तीर्थभूमी ठरली.

पुढे संघटनेने पश्चिम व्हर्जिनियात ‘समिट बेक्टेल’ हे नवे भव्य शिबिरकेंद्र उभारले. २०१३ साली तेथे राष्ट्रीय मेळावा भरला. परंतु त्या प्रकल्पाच्या कर्जाचा भार मोठा होता. २०१९ साली सुमारे ४४.६ कोटी डॉलरांच्या कर्जासाठी फिलमॉन्ट तारण ठेवल्याचे उघड झाले. दात्याशी झालेल्या कराराचा हा भंग होय, असा आक्षेप फिलमॉन्ट समितीच्या एका सदस्याने घेतला. संघटनेने तो अमान्य केला.

त्याहून गंभीर संकट वेगळेच होते. अनेक दशकांत संघटनेतील प्रौढांकडून मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांचे दावे वाढत गेले आणि १८ फेब्रुवारी २०२० रोजी संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला. दावेदारांची संख्या ८२ हजारांवर गेली. २०२२ साली न्यायालयाने सुमारे २४६ कोटी डॉलरांच्या भरपाईची योजना मंजूर केली. स्थानिक परिषदांनी रोख रक्कम व स्थावर मालमत्ता मिळून ५१ कोटी डॉलरांहून अधिक भार उचलला. त्यासाठी अनेक जुनी शिबिरस्थाने विक्रीस निघाली. फिलमॉन्ट मात्र संघटनेकडेच राहिले.

ज्या वनांत पित्यापाठोपाठ पुत्रानेही तंबू ठोकला, ती विकली जाताना अनेकांना अतीव दुःख झाले. परंतु या भूमी मुलांच्या कल्याणासाठी मिळाल्या होत्या आणि ज्यांचे देणे फेडावयाचे होते, तेही संघटनेच्या छायेखाली वाढलेले मुलगेच होते. दात्याचा हेतू भूमी राखून अधिक पाळला जातो की पीडितांचे ऋण फेडून, असा हा धर्मसंकटाचा प्रसंग होता. नव्या बांधकामाच्या कर्जापायी दानभूमी गुंतविणे आणि पीडितांना भरपाई देण्यासाठी ती विकणे, या दोन कृत्यांचे मोल एकाच तराजूत करता येणार नाही.

विक्री अटळ ठरली तरी ती कोणास करावी, हा विवेक उरतोच. कनेक्टिकट राज्यातील किलिंगवर्थ येथील ‘डियर लेक’ हे सुमारे २५५ एकरांचे शिबिरस्थान खासगी खरेदीदाराकडे जाणार, अशी चिन्हे दिसताच स्थानिक नागरिक जागे झाले. अखेर २०२३ साली ते ‘पाथफाइंडर्स’ या ना-नफा संस्थेच्या हाती आले. स्थानिक परिषदेस द्रव्य मिळाले आणि वनही मुलांसाठी राहिले.

महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ अन्वये न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. ही परवानगी देताना न्यासाचे हित पाहिले जाते. तथापि अर्ज दाखल होण्यापूर्वीचा विचार विश्वस्तांनाच करावा लागतो. दात्याचा हेतू कोणता होता, आजची निकड कोणी व कशी निर्माण केली आणि विक्रीनंतर पुढील पिढीच्या हाती काय उरणार, या तीन प्रश्नांची उत्तरे सभेच्या इतिवृत्तात स्पष्ट नोंदविली गेली, तर विकण्याचा किंवा न विकण्याचा कोणताही निर्णय समाजापुढे निःशंकपणे मांडता येतो.