तोफेचा ठाव घेणारी तार

पहिल्या महायुद्धात खंदकांवर मारा करणाऱ्या अदृश्य तोफांचा ठाव ध्वनीवरून घेण्याचे काम ब्रिटिश सैन्याने १९१५ मध्ये विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांच्याकडे सोपविले. तत्त्व सरळ होते : ओळीने मांडलेल्या मायक्रोफोनांपर्यंत ध्वनी पोहोचण्याच्या वेळांतील अंतरावरून त्याचे उगमस्थान काढता येते. अडचण निराळीच होती. ध्वनीहून वेगवान तोफगोळ्याचा कडाडा कार्बन मायक्रोफोन टिपीत. खुद्द तोफेचा खर्जातील हुंकार मात्र निसटून जाई. १९१६ मध्ये विल्यम टकर यांनी प्लॅटिनमच्या तप्त, बारीक तारेचा मायक्रोफोन सिद्ध केला. हुंकाराच्या लहरीने तार निवे व तिचा विद्युत्‌रोध घटे. कडाड्याने ती फारशी विचलित होत नसे. या यशाचे मर्म तीक्ष्णतर कानात नव्हे, तर नको तो आवाज वगळणाऱ्या कानात होते. ध्वनीचे चित्र दाखविणारी आजची उपकरणेही त्याच कालभेदावर उभी आहेत.