मुक्ताच्या निबंधाला किती मार्क?

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत बचतीचा हिशोब उरकला, वह्या मिटल्या, आणि एका ताईंनी पिशवीतून लेकीचा मराठीचा पेपर काढला. मुलगी दहावीत. सराव परीक्षेत पत्रलेखन आलं होतं, पाण्याबद्दल तक्रार करायची होती. पोरीनं वस्तीवरचं खरं लिहिलं. टँकर कोणत्या वारी आला नाही, हापशावर किती वेळ उभं राहावं लागतं, शाळेचा पहिला तास कसा बुडतो. 6 पैकी 2 गुण. तिच्या मैत्रिणीनं गाइडमधलं पाठ केलेलं पत्र उतरवलं, तिला 5. ताई म्हणाल्या, "मग माझ्या लेकीनं खोटं लिहायचं होतं का?"

आम्हाला पटकन उत्तर सुचलं नाही. लिहिणं चांगलं की वाईट हे ठरवायची रीत आपल्याकडे आली कुठून, ते शोधायला लागलो, तर सुरुवात शेजारीच सापडली.

आपल्या कुंभार पिंपळगावपासून जवळच जांब समर्थ आहे. समर्थ रामदासांचा जन्म तिथला, 1608 सालचा. त्यांच्या दासबोधात 19 व्या दशकाचा पहिलाच समास लिहिण्याच्या कामावर आहे. अक्षर वाटोळं आणि सुटसुटीत असावं, ओळ वाकडी जाऊ नये, पहिलं अक्षर जसं तसंच शेवटचं यावं, पानाच्या कडेनं जागा सोडावी, असं सगळं त्यात बारकाईनं सांगितलं आहे. वहीवर गुरुजी लाल शाईनं जे शेरे मारतात, ते बरेचसे तिथे आधीच आहेत! पण तो समास ग्रंथ उतरवून घेणाऱ्याला शिकवतो, मनातलं लिहिणाऱ्याला नाही. शिवाय तो बोलतो ब्राह्मणाला उद्देशून. समर्थांच्या शिष्या वेणाबाईंनी रचना केल्या हे खरं, पण अशा बाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

पुढचं पाऊल पडायला दोनशे वर्षं गेली. 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळांची परीक्षा बंद खोलीत होत नसे, लोकांसमोर होई. 12 फेब्रुवारी 1853 च्या परीक्षेला 237 मुली बसल्या होत्या आणि बघायला तीन हजारांवर माणसं जमली होती. मुलगी शिकली की नाही, हे सगळ्या गावाला दिसावं म्हणून.

त्याच शाळांत मुक्ता साळवे शिकत होती. मांग समाजातली, वय 14, शिकून तीनच वर्षं झालेली. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'मध्ये 1855 साली 15 फेब्रुवारी आणि 1 मार्च अशा दोन अंकांत छापून आला. त्यात मोठ्या इमारतीच्या पायात तेल-शेंदूर पाजून पुरलेली माणसं आहेत. बाळंत होताना डोक्यावर छप्पर नसलेल्या, थंडीवाऱ्यात कुडकुडणाऱ्या बाया आहेत. वेद वाचायचा हक्क आम्हाला नाही, मग आमचा धर्म कोणता, असं ती थेट देवालाच विचारते.

आता हा निबंध कोणी आजच्या पेपरात लिहिला तर किती गुण पडतील? सुरुवातीला सुविचार नाही, शेवटी कवितेच्या ओळी नाहीत, वाक्यं कुठे लांबलेली. आम्हाला वाटतं, काही ठिकाणी तिला 8 पैकी 4 मिळतील. आणि तरी पावणेदोनशे वर्षांनी तोच निबंध वाचला जातो. त्या साली सुबक अक्षरात कोणी काय काय लिहिलं असेल, ते कोणाला आठवतंय?

आपल्या मराठवाड्यात तर हे सगळं आणखी उशिरा आलं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. कचेरीचं काम उर्दूत, वरच्या वर्गांचं शिक्षणही उर्दूत. कचेरीत अर्ज द्यायचा तर दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा आणि आपण अंगठा उठवायचा. आपलं गाऱ्हाणं त्या कागदावर नेमकं काय उतरलं, हे आपल्या आज्यांना कळायला मार्गच नव्हता.

म्हणून आज दहावीच्या कुमारभारती मराठीत 80 पैकी 24 गुण उपयोजित लेखनाला आहेत, हे आम्हाला चांगलंच वाटतं. पत्र किंवा सारांश 6, जाहिरात, बातमी, कथा यांतलं दोन मिळून 10, आणि निबंध 8. अर्ज, बातमी, जाहिरात ही कामाची विद्या आहे. पापड-लोणच्याची जाहिरात करताना आम्हाला तीच लागते.

आणि नमुना पाळणं फालतू आहे, असंही आम्ही म्हणणार नाही. आमच्या एका गटाचा कर्जाचा पहिला अर्ज बँकेतून परत आला होता. तारीख नाही, विषय नाही, ठरावाची प्रत नाही. अडचण खरी होती, पण कागद अपुरा होता. चूक आमचीच. ताईंच्या मुलीच्या पत्रातही तारीख नव्हती, विषय नव्हता, खाली नाव-पत्ता नव्हता. त्याचे गुण गेले ते बरोबरच. पण मजकुराचं काय? वार, वेळ, बुडालेला तास, हे तक्रारीतलं खरं बळ. त्यावर पेपरात एक टिकसुद्धा नव्हती. गाइडच्या पत्रात एकही खरी गोष्ट नव्हती, तिथे मात्र 'छान' लिहिलेलं. तपासणाऱ्यापुढे पेपरांचा गठ्ठा असतो, नमुना पटकन डोळ्यांत भरतो, मजकूर वाचायला वेळ लागतो, हे आम्ही समजू शकतो. तरी तिच्या आईपुढे ते बोलायला आमची जीभ रेटली नाही.

त्या दिवशी बैठक तासभर लांबली. मुलीला बोलावून घेतलं. तिनं तेच पत्र कोऱ्या कागदावर पुन्हा लिहिलं. वर तारीख, विषय, खाली नाव आणि वस्तीचा पत्ता. मजकुराला आम्ही हात लावला नाही. वस्तीवरच्या बायांनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे दिले. अंगठा देण्याआधी मुलीनं त्या दोघींना सगळं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ताई आणि ती दोघी जाऊन पत्र देऊन आल्या, पोच घेतली. ती पोच आता गटाच्या वहीत लावली आहे.