लफीचं रिकामं बेट

या वीकांताला गेमचा इतिहास. 'वन पीस' या जपानी अ‍ॅनिमेवरचा 'वर्ल्ड सीकर' मार्च २०१९ मध्ये आला. बनवला गॅनबॅरियननं, काढला बांदाई नामकोनं. रबरी लफी, अख्खं बेट मोकळं! समीक्षकांना त्याचं रूप आवडलं. पण बेट रिकामं, कामं किरकोळ, शत्रू तेच ते, असं बऱ्याच जणांनी लिहिलं. मी फायनल इयरला पैसे साठवून घेतलेला, त्यामुळे आधी रागच आला. दहाएक तास खेळल्यावर मात्र पटलं. आमच्या श्रीरामपूरच्या स्टेशनावर पाटी 'बेलापूर'ची. नवखा माणूस बुचकळ्यात पडतो, विचारतो, आणि कुणीतरी गोष्ट सांगत बसतं. त्या एवढ्या मोठ्या बेटावर मला असं काही विचारावंसंच वाटलं नाही. असो.