थर्मल कॅमेरा

थर्मल कॅमेरा हे वस्तूच्या पृष्ठभागातून उत्सर्जित होणाऱ्या अवरक्त प्रारणांवरून तापमानाचे चित्र तयार करणारे उपकरण होय. अवरक्त प्रारणांचा शोध विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये लावला. दीर्घकाळ मुख्यतः लष्कर व उद्योगांत वापरले जाणारे हे तंत्र २०१४ मध्ये फ्लिर वन व सीक थर्मल या स्मार्टफोनसाठीच्या कॅमेऱ्यांमुळे घरगुती वापराच्या आवाक्यात आले.

कार्यपद्धती

कॅमेऱ्यातील मायक्रोबोलोमीटर हा संवेदक साधारणतः ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीची प्रारणे टिपतो. त्यास प्रकाशाची आवश्यकता नसते.

उपयोग

सैल जोडणी वा अतिभारामुळे तापलेले स्विच व तारा, तसेच भिंतीतील ओल शोधण्यासाठी हा कॅमेरा वापरतात. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास लागलेल्या आगीत किमान ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज होता. विद्युतव्यवस्थेतील असे काही धोके आग लागण्यापूर्वी उष्णतेच्या रूपाने प्रकट होतात. ते वेळीच ओळखणे हा या तपासणीचा हेतू असतो.

मर्यादा

हा कॅमेरा भिंतीच्या किंवा काचेच्या आरपार पाहू शकत नाही. चकचकीत धातूचे तापमान तो चुकीचे दाखवू शकतो. विद्युतभार चालू नसल्यास सदोष जोडणीही थंड दिसते. त्यामुळे चित्रात दोष न दिसणे म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. अंतिम तपासणी परवानाधारक विद्युततंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी लागते.